विश्लेषण : मोठ्या हार्ड डिस्कचा तुटवडा कशामुळे? व्यवसायासाठी घेताना काय पाहावे?

कार्यालयाचा सर्व्हर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर किंवा स्टुडिओतील नॅस यंत्र यासाठी १६, २० किंवा २४ टेराबाइटची हार्ड डिस्क घ्यायला गेलेल्या व्यावसायिकाला सध्या दोन अनुभव येतात. भाव चढलेला असतो आणि हवे ते मॉडेल मिळेलच याची खात्री नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने ग्राहकांना दरवाढीची सूचना दिली. २०२६ च्या सुरुवातीला तर वर्षभराचे उत्पादन जवळपास आधीच विकले गेल्याचे कंपनीने जाहीर केले. तुटवड्याच्या काळात चुकीचा माल गळ्यात पडण्याचा आणि जुना माल नवा म्हणून विकला जाण्याचा धोका वाढतो.

तुटवडा कशामुळे?

मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सॅमसंगचा हा व्यवसाय सीगेटने, हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने आणि फुजित्सूचा तोशिबाने घेतला, याला दशक उलटून गेले. या तिघांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे क्लाउड कंपन्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी विदा केंद्रे उभारण्याची स्पर्धा सुरू झाल्यापासून या कंपन्या वर्षभर आधी मागणी नोंदवत आहेत. २०२५ च्या उत्तरार्धात काही मोठ्या डिस्कसाठीची प्रतीक्षा वर्षाच्याही पुढे गेल्याचे बाजार अभ्यासकांनी नोंदवले. नाशिकचा सनदी लेखापाल किंवा कोल्हापूरचे निदान केंद्र या रांगेत सर्वात शेवटी उभे असते.

असे पूर्वीही घडले आहे. २०११ मध्ये थायलंडमधील पुरात डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर किमती भडकल्या. २०२१ मध्ये ‘चिया’ या कूटचलनासाठी लोकांनी डिस्क साठवल्या आणि बाजार रिकामा झाला. त्या चियाचा पुढे एक वेगळाच परिणाम दिसला, तो खाली येईलच.

मग एसएसडी का नको?

वेगासाठी एसएसडीच घ्यावी. हिशेबाचे सॉफ्टवेअर, डेटाबेस, रोजचे काम तिच्यावर चालावे. पण साठा करायचा तर प्रत्येक टेराबाइटमागे ती हार्ड डिस्कपेक्षा कित्येक पट महाग पडते. १२२ टेराबाइटची एसएसडी बाजारात आली आहे, मात्र ती विदा केंद्रांसाठी. त्यातच फ्लॅश मेमरीचे भावही याच काळात वाढू लागले. त्यामुळे जुनी बिले, एक्स-रे, चित्रीकरण, बॅकअप यांच्यासाठी फिरती तबकडीच परवडते.

किती टेराबाइट लागतील?

दुकानात जाण्याआधी हा हिशेब कागदावर करावा. उदाहरणार्थ, एका दुकानात ३२ कॅमेरे आहेत आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट चित्रण पाठवतो. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट आणि ३२ कॅमेऱ्यांचे ६९१ गिगाबाइट. ३० दिवसांचे चित्रण ठेवायचे तर जवळपास २१ टेराबाइट लागतात. चित्राची प्रत वाढवून ४ मेगाबिट केली की आकडा दुप्पट. आणि हो, २० टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये १८.१९ दिसते. यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

कागदपत्रांसाठी कायद्याचाही विचार करावा लागतो. कंपनी कायद्यानुसार कंपन्यांनी हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायची असतात. वस्तू व सेवा कर कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिन्यांची मुदत आहे. शिवाय ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवायचा आहे. म्हणजे आज घेतलेल्या डिस्कवरची माहिती त्या डिस्कच्या आयुष्यापेक्षा जास्त काळ लागणार, हे गृहीत धरूनच खरेदी व्हायला हवी.

स्वस्त आणि महाग डिस्कमध्ये फरक कोणता?

क्षमता तीच, आकार तोच, तरीही किमतीत मोठा फरक, असे का? उत्तर डिस्कच्या माहितीपत्रकात असते आणि तेच सहसा कोणी उघडत नाही. पाहायची गोष्ट म्हणजे ‘वर्कलोड’, म्हणजेच वर्षाला किती टेराबाइट लिहिण्या-वाचण्यासाठी ती बनवली आहे. सीगेटच्या घरगुती संगणकासाठीच्या बाराकुडाला ही मर्यादा वर्षाला ५५ टेराबाइट असते आणि वर्षाला २,४०० तास, म्हणजे दिवसाला साडेसहा तास चालण्याचा अंदाज धरलेला असतो. नॅससाठीच्या साध्या आयर्नवुल्फला १८० टेराबाइट आणि चोवीस तास. सर्व्हरसाठीच्या एक्झॉसला ५५० टेराबाइट.

आता वरचे ३२ कॅमेरे आठवा. त्यांचे वर्षाला २५२ टेराबाइट नुसते लिहिले जाते. सगळा भार एका घरगुती डिस्कवर टाकला तर तिची वर्षाची मर्यादा ८० दिवसांत संपेल. ‘संगणकाची होती, तीच डीव्हीआरमध्ये टाकली’ हा आपल्याकडचा प्रकार म्हणूनच महागात पडतो. सीसीटीव्हीसाठी स्कायहॉक, पर्पल अशा वेगळ्या मालिका असतात, त्यातही मर्यादा वाचूनच घ्यावे.

दुसरा आकडा ‘एमटीबीएफ’चा. सर्व्हरच्या डिस्कवर २५ लाख तास असे लिहिलेले असते. म्हणजे २८५ वर्षे! अर्थात डिस्क एवढी टिकत नाही. त्याचा अर्थ इतकाच की, हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर तीन-चार बिघडतील असे कंपनीला वाटते. प्रत्यक्षातला आकडा पाहायचा तर बॅकब्लेझ या अमेरिकी बॅकअप कंपनीची आकडेवारी उपयोगी आहे. सुमारे तीन लाख डिस्क चालवणारी ही कंपनी २०१३ पासून बिघाडांचा हिशेब जाहीर करते. २०२३ मध्ये तिच्याकडील १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के डिस्क निकामी झाल्या. त्यात जुन्या-नव्या सगळ्याच आल्या. या तक्त्यांतून एक गोष्ट दिसते. अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट असे ठोकळेबाज उत्तर निघत नाही, फरक मॉडेल-मॉडेलमध्ये असतो. त्यामुळे ‘आम्ही इतकी वर्षे हीच कंपनी वापरतो’ या आग्रहाला फारसा अर्थ नाही.

‘एसएमआर’चा वाद काय होता?

नेहमीच्या सीएमआर पद्धतीत तबकडीवरचे माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती बसते. पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची ओळही उचलावी लागते, तसेच इथे होते. एक पट्टा बदलला की त्यावर चढलेले पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. वाचताना काही जाणवत नाही, सतत लिहिताना मात्र डिस्क अडखळते.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ या नॅस मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले. माहितीपत्रकात तसे लिहिलेले नव्हते. अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या ‘रेड’ रचनेत (मराठीत दोन्हींचे उच्चार सारखेच, हा आणखी एक गोंधळ) नवी डिस्क बसवली की ती रखडायची किंवा बादच व्हायची. ग्राहक न्यायालयात गेले. त्यानंतर कंपनीने कोणती डिस्क कशी आहे याची यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ हे नाव दिले. आज डिस्क घेताना ‘सीएमआर आहे का’ हे मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या यादीत तपासता येते. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नये.

मोठ्या क्षमतेत आणखी एक सापळा आहे. २८-३२ टेराबाइटच्या काही डिस्क ‘होस्ट मॅनेज्ड’ एसएमआर प्रकारच्या असतात. त्या फक्त विदा केंद्रांच्या खास सॉफ्टवेअरसोबत चालतात, साध्या संगणकात किंवा नॅसमध्ये नाही. अशी डिस्क स्वस्तात मिळाली तर तिचा उपयोग पेपरवेटइतकाच. ३० टेराबाइटची सीएमआर डिस्क हवीच असेल तर सीगेटने जुलै २०२५ मध्ये ती खुल्या बाजारात आणली. तिच्यात लेझरने तबकडीवरचा सूक्ष्म बिंदू क्षणभर तापवून लिहिले जाते.

एक मोठी की चार लहान?

एकच मोठी डिस्क घेणे सोपे वाटते, पण ती गेली की सगळेच गेले. म्हणून डिस्क जोडीने किंवा गटाने बांधतात. गटातील २० टेराबाइटची एक डिस्क गेल्यावर नवीवर माहिती पुन्हा उभी करायला सेकंदाला सरासरी २०० मेगाबाइट धरले तरी सुमारे २८ तास लागतात. कार्यालयाचे काम सुरू असेल तर आणखी जास्त. एवढा वेळ उरलेल्या डिस्कवर कमालीचा ताण असतो आणि त्या बहुधा त्याच दिवशी, त्याच खोक्यातून आलेल्या असतात. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात दर साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादी न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते, सर्व्हरच्या डिस्कमध्ये ती १२५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात चुका यापेक्षा कमी होतात. तरीही मोठ्या डिस्कच्या गटात एकाऐवजी दोन डिस्क गेल्या तरी तगणारी ‘रेड ६’ रचनाच शहाणपणाची.

जोडणीचेही पाहावे. सॅस जोडणीची डिस्क साध्या साटा जोडणीत बसत नाही आणि बाजारात स्वस्त मिळणाऱ्या सर्व्हरच्या डिस्क बऱ्याचदा सॅसच असतात. नॅस यंत्राच्या कंपनीची यादीही पाहावी. सिनोलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या नव्या यंत्रांत स्वतःच्याच नावाच्या डिस्कचा आग्रह धरला. ग्राहकांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये तो बऱ्याच अंशी मागे घेतला.

नवी म्हणून जुनी डिस्क?

जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील हाइझे या प्रकाशनाने उघड केलेल्या प्रकरणाने बाजार हादरला. नव्या म्हणून विकलेल्या सीगेट एक्झॉस डिस्क आधी हजारो तास चाललेल्या होत्या, काही तर १५ ते ५० हजार तास. चाललेले तास दाखवणारी ‘स्मार्ट’ नोंद पुसून शून्य केलेली होती. या डिस्क चीनमधील चिया कूटचलनाच्या ‘खाणीं’तून आल्याचा माग लागला. कूटचलन पडले आणि त्याच्या डिस्क नवे वेष्टन घालून बाजारात आल्या. त्याच वर्षी मलेशियात क्वालालंपूरजवळच्या एका गोदामावर छापा पडला आणि शेकडो बनावट डिस्क सापडल्या. सीगेटने आपण अशा डिस्क विकल्या नसल्याचे स्पष्ट केले.

ही लबाडी पकडता येते. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद असते. ती पुसणे स्मार्ट नोंदीइतके सोपे नाही. ‘स्मार्टसीटीएल’ या मोफत साधनाच्या नव्या आवृत्तीत ती वाचता येते. दोन्ही नोंदींतील तास जुळले नाहीत तर डिस्क लगेच परत करावी. त्यासाठी पाकीट फोडतानाचे चित्रीकरण आणि अनुक्रमांक असलेले पक्के बिल हवे. पैसे देण्याआधीच अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला तर वॉरंटी किती उरली आणि कोणत्या देशासाठी आहे हे कळते. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीला दिलेली ‘ओईएम’ डिस्क असेल तर निर्माता थेट वॉरंटी देत नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, बाजारभावापेक्षा फारच खाली गेलेल्या किमतीमागे बहुधा यापैकीच एखादे कारण असते. शिवाय पक्क्या बिलावरील १८ टक्के कराचा परतावा नोंदणीकृत व्यावसायिकाला मिळतो. बिलाविना मिळणारी ‘सूट’ त्यातच बरीचशी वजा होते.

बिघडलेली डिस्क परत करताना काय?

हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. पाच वर्षांची वॉरंटी असलेली डिस्क तिसऱ्या वर्षी बंद पडली तर ती कंपनीकडे पाठवावी लागते आणि ग्राहकांची पॅन कार्डे, रुग्णांचे अहवाल, पगारपत्रके तिच्यासोबत जातात. बंद पडलेली डिस्क पुसताही येत नाही. म्हणून काही कार्यालये डिस्क फोडून टाकतात आणि वॉरंटीवर पाणी सोडतात. त्याऐवजी पहिल्याच दिवशी सर्व्हर किंवा नॅसमध्ये एन्क्रिप्शन सुरू करावे आणि त्याची किल्ली वेगळ्या ठिकाणी, शक्यतो कागदावर लिहून, मालकाच्या कपाटात ठेवावी. डिस्क भरल्यानंतर ते सुरू करायचे तर अनेक यंत्रांत सगळा साठा आधी दुसरीकडे हलवावा लागतो आणि त्यासाठी आणखी एक तेवढीच मोठी डिस्क लागते.