मोकळं होणं आणि हलकं वाटणं

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नर्स आहे. ख्रिस्ती घरातली, हिमतीने शिकलेली. गेल्या महिन्यात तिला दुसऱ्या शहरात बऱ्या पगाराची नोकरी चालून आली. ती घ्यायची नाही असं तिने ठरवलंय. तिच्या पास्टरांनी सांगितलं की, देवाने तुला ज्यांच्या अधिकाराखाली ठेवलंय त्यांचं छत्र सोडू नकोस. हे मला सांगताना ती रडवेली झालेली नव्हती. उलट हसून म्हणाली, “सर, त्यांचं ऐकायचं ठरवलं आणि एकदम मोकळं वाटलं. अधीन होण्यातच खरं स्वातंत्र्य आहे.”

मी गप्प बसलो. मुसलमानाने ख्रिस्ती माणसाच्या घरात नाक खुपसू नये, हे एक. दुसरं असं की, तिचं वाक्य मला परकं नव्हतं. इस्लाम या शब्दातच शरण जाणं आहे. आमच्या मोहल्ल्यात हाक मारली तर चार अब्दुल वळून बघतात, आणि अब्द म्हणजे बंदा, दास. अल्लाहपुढे झुकणारा दुसऱ्या कुणाचा गुलाम राहत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो, आजही मानतो. मग मला टोचलं काय? देव आणि ती यांच्यामध्ये एक माणूस उभा होता आणि शरणागतीची वसुली तो करत होता.

ही तक्रार माझी नाही, ख्रिस्ती इतिहासातलीच आहे. 1521 मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर मार्टिन ल्यूथर उभा राहिला. माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाने बांधलेली आहे, म्हणून मी शब्द मागे घेणार नाही, असा त्याचा पवित्रा होता. देवाच्या बंधनात असल्यामुळेच तो पोप आणि सम्राट या दोघांनाही नाही म्हणू शकला. अधीनतेतून स्वातंत्र्य म्हणतात ते हे. पण चारच वर्षांनी जर्मन शेतकरी उठले. ख्रिस्ताने आम्हा सगळ्यांनाच सोडवलंय, तर आम्ही जमीनदारांचे भूदास कसे, असा त्यांचा सरळ सवाल होता. ल्यूथरने उत्तर दिलं की ते स्वातंत्र्य आत्म्याचं, देहाचं नव्हे. आणि बंड चिघळल्यावर त्यांना कापून काढा असं राजांना लिहून कळवलं. अधीनतेचा सिद्धांत स्वतःसाठी एक आणि खालच्यांसाठी दुसरा, हा खेळ तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे. त्याआधीही होता म्हणा.

पण मराठी वाचकाला जर्मनीपर्यंत जायचं कारण नाही. आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत.

रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. नवरा आदल्या वर्षी वारलेला, बरोबर लहानगी मनोरमा. वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकू-शिकवू लागल्या. तिथे तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विषय निघाला, तर मुंबई आणि लाहोरचे बिशप आडवे आले. का, तर बाईने पुरुषांना शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं तर तिची पत जाईल! ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी पुरुषांच्या भरसभेत ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, तिला हिंदुस्थानात काय चालतं ते बिशप शिकवणार. वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, ती यांनी घेतली, हे त्यांना फार झोंबलं.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या गुरू. त्यांनी रमाबाईंना सतत हेच समजावलं की चर्चचा अधिकार मान, तुझा अहंकार गळेल. रमाबाई मांस खात नाहीत, तर तोही जातीचा गर्वच! क्रॉसवर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत हवीत, तर तोही हट्ट. रमाबाईंनी 1885 च्या पत्रांत जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: भटजींच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता दुसऱ्या तसल्याच जोखडात ती अडकवणार नाही, देवाची आज्ञा मानीन, पण ती मला माझ्या बुद्धीला पटलेली हवी. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीननेच जपून ठेवला आणि 1977 मध्ये तो अ. भि. शहांनी संपादित केला. शहा म्हणजे हमीद दलवाईंचे सहकारी. मी ते पुस्तक त्या धाग्याने हाती घेतलं होतं, हे कबूल करतो.

सिस्टर जेराल्डीन वाईट नव्हत्या. आज्ञापालनाचं व्रत त्यांनी स्वतः घेतलं होतं, समजून-उमजून. अशी व्रतस्थ माणसं दवाखान्यात आणि शाळेत आयुष्य घालवताना मी पाहिली आहेत, त्यांच्यापुढे आपली मान लवते. पण रमाबाईंनी ते व्रत घेतलंच नव्हतं. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा घेतला होता आणि पावती चर्च फाडत होतं.

रमाबाई ख्रिस्तालाही सोडून गेल्या नाहीत, हे विसरू नका. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, तरी त्या हटल्या नाहीत. पुढे केडगावच्या संस्थेला नाव दिलं ते ‘मुक्ती’. म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत बसल्या. पूर्ण शरण गेलेली बाई होती ती. केडगावात त्यांचाच शब्द चाले, हेही खरं. तिथल्या मुलींनी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न रमाबाईंनाही विचारावा लागेल.

आता माझं सांगतो, नाहीतर हा लेख दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवण्यापुरता राहील. काही वर्षांपूर्वी माझ्या एका लेखावरून गहजब झाला. वस्तीतल्या बुजुर्गांनी बोलावून सांगितलं, छापण्याआधी आम्हाला दाखवत जा. मी दोन वर्षं दाखवत गेलो. आणि खरं सांगू? फार बरं वाटायचं. रात्री झोप लागायची. चूक झाली तर त्यांची, शब्द काटले तर त्यांनी. निर्णय घेण्याचं ओझं कुणीतरी उचललं होतं आणि त्या हलकेपणाला मी मनातल्या मनात ईमान म्हणत होतो. त्या दोन वर्षांत मी लिहिलेलं आज चाळून पाहिलं तर त्यात माझं एक वाक्य सापडत नाही.

म्हणून पास्टर, मौलवी, महाराज, कुणीही असो, त्याला माझा एकच प्रश्न असतो: तुम्हाला नाही म्हणून हा माणूस देवाचा राहू शकतो का? राहू शकत नसेल तर तुम्ही देवाच्या जागी बसला आहात, आणि तुमच्या-आमच्या दोन्ही धर्मांत याला नाव आहे.

परवा तिला फोन करून हाच प्रश्न विचारला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सर, तसं विचारायची मला भीती वाटते.” म्हटलं, मोकळ्या माणसाला कसली भीती? ती रागावली, फोन ठेवला. नोकरीचं उत्तर तिला 15 तारखेपर्यंत कळवायचं आहे.