प्लेट नसलेला छापखाना

शाळेच्या वार्षिक अंकाच्या आम्हाला फक्त शंभर प्रती हव्या होत्या. छापखान्यातले चाचा म्हणाले, “सर, शंभर छापा की हजार, प्लेटचा खर्च तोच.” त्यांचे खरेच होते. रंगीत ऑफसेट छपाईला चार रंगांच्या चार प्लेट लागतात, शिवाय रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. हजार प्रतींत हा खर्च जिरतो, शंभरांत अंगावर येतो.

वेगवान इंकजेटमध्ये प्लेटच नसते. धावत्या कागदावर संगणकाच्या हुकमाने शाईचे बारीक थेंब पडतात. म्हणून प्रत्येक पान वेगळेही निघू शकते. २००८ साली जर्मनीतल्या द्रुपा प्रदर्शनात एचपीने मांडलेले यंत्र मिनिटाला सुमारे १२० मीटर कागद छापणारे होते. मोठ्या खपाला ऑफसेट अजूनही स्वस्त पडते. पण पुस्तक आता मागणीइतकेच छापता येते. दादाजानच्या वहीतल्या आठवणींचे पन्नास प्रतींचे पुस्तकही अशक्य राहिलेले नाही.

उर्दूवाल्यांनी असा बदल पूर्वी पाहिला आहे. १९८१ साली नूरी नस्तालीक संगणकावर आली आणि हळूहळू कातिबांची कलमे थांबली. आता पाळी प्लेट बनवणाऱ्या हातांची आहे. यंत्राला दोष देऊन काम परत येत नाही. फाइल तयार करणे, रंग सांभाळणे, सॉफ्टवेअर हाताळणे हे मात्र शिकता येते.

चाचांचा मुलगा यंदा बारावीला आहे. वडिलांचा धंदा सोडू की धरू, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “धर बेटा, पण आधी नवे शिकून घे.”