मांडीमागचा गोळा आणि फाटलेला स्नायू

लंडनमध्ये ऑगस्ट 2017 च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत उसेन बोल्ट आपल्या अखेरच्या शर्यतीत, रिलेच्या शेवटच्या टप्प्यात, लंगडत ट्रॅकवर कोसळला. त्या रात्री संघाच्या डॉक्टरांनी मांडीमागे गोळा आल्याचे सांगितले. पुढच्या तपासणीत डाव्या पायाचा हॅमस्ट्रिंग फाटल्याचे निघाले. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाबाबत असे होते, तर पोलीस भरतीच्या 1600 आणि 100 मीटरसाठी पहाटे गावच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोराच्या मांडीकडे कोण नीट पाहणार?

तिथे ‘शीर आखडली’ म्हणायचे आणि तेल लावून रगडायचे, हा ठरलेला उपाय. ताज्या फाटलेल्या स्नायूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

खरे तर ओळख तितकी अवघड नाही. गोळा आलेला स्नायू दगडासारखा घट्ट लागतो आणि हळूहळू ताणला की सुटतो. फाटलेल्याची कळ भर वेगात, मागून कुणी दगड मारल्यासारखी येते आणि ताणल्यावर वाढते. पालथे झोपवून, घोटा धरून ठेवून गुडघा वाकवायला सांगावे. दुखरी जागा बहुधा बोटाने दाखवता येते. काळानिळा डाग मात्र काही दिवसांनी उमटतो, तोही खाली गुडघ्याकडे सरकलेला. त्यामुळे ‘डाग नाही, म्हणजे काही नाही’ हे चूकच. दुखणे हळूहळू सुरू झाले, ठरावीक जागा सापडत नाही, पायाला मुंग्या येतात, तर कंबर तपासावी.

शहरात उलटी तऱ्हा. पहिल्याच दिवशी एमआरआय! किरकोळ दुखापतीत तो अनेकदा स्वच्छ येतो, आणि मैदानात कधी उतरायचे हेही नेमके सांगत नाही. मात्र ‘फट्’ असा आवाज आला, बसताना नितंबाच्या हाडाशी दुखते, मांडी काळी पडली, तर तो लगेच हवा. तिथे स्नायूचे टोक हाडापासून सुटलेले असू शकते आणि उशीर झाला की शस्त्रक्रिया अवघड होते. शाळकरी मुलांत वाढत्या हाडाचाच तुकडा निघतो. आधी साधा एक्स-रे काढावा.

चाचणीची तारीख जवळ आली की पोरे दुखणे लपवतात. म्हणून भरतीची तयारी करून घेणाऱ्यांनी प्रवेशाच्याच दिवशी विचारावे, ‘मांडी आधी कधी दुखावली होती का?’ एकदा फाटलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटण्याचा धोका मोठा असतो.