राष्ट्राध्यक्षाचे सामर्थ्य कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला संविधानानेच जवळजवळ अमर्याद कार्यकारी सत्ता दिली असून काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या कायदेमंडळाने, त्याला घातलेले निर्बंध हे त्याच्या मूळ अधिकारावरचे आक्रमण होय, असे प्रतिपादन करणारा एक प्रबळ पक्ष त्या देशात दीर्घकाळ आहे. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात काँग्रेसला केवळ ‘येथे प्रदान केलेले’ अधिकार मिळतात, दुसऱ्या अनुच्छेदात मात्र कार्यकारी सत्ता अशा कोणत्याही मर्यादेविना राष्ट्राध्यक्षाकडे सोपविलेली आहे, या शब्दभेदावर हा पक्ष उभा आहे. १७९३ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तटस्थतेच्या घोषणेचे समर्थन करताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तो ‘पॅसिफिकस’ या टोपणनावाने मांडला होता.

हा युक्तिवाद संविधानाच्या संहितेपुढेच टिकत नाही. सगळी कार्यकारी सत्ता एका वाक्याने दिली गेली असती, तर सरसेनापतिपद, क्षमादानाचा अधिकार, इतकेच नव्हे तर खातेप्रमुखांकडून लेखी अभिप्राय मागविण्यासारखी किरकोळ बाबही पुढे स्वतंत्रपणे नोंदविण्याचे कारण उरले नसते. उलट युद्ध पुकारणे, सैन्य उभारणे, कर बसविणे आणि परदेशी व्यापाराचे नियमन करणे हे अधिकार काँग्रेसला दिले आहेत, आणि तह करण्यासाठी उपस्थित सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांची संमती आवश्यक ठरविली आहे. ती न मिळाल्यानेच वुड्रो विल्सन यांचा व्हर्सायचा तह १९२० साली अखेरीस फेटाळला गेला. खुद्द हॅमिल्टन यांनीही १७८८ साली, संविधानाला राज्यांची मान्यता मिळविण्याच्या काळात, राष्ट्राध्यक्षाचे सरसेनापतिपद म्हणजे सर्वोच्च सेनानीचे काम, युद्ध पुकारण्याचा राजाचा अधिकार त्यात नाही, असे ‘फेडरलिस्ट’मधील ६९व्या लेखात मतदारांना समजावले होते. मते मागताना दिलेला हा अर्थ सत्ता हाती आल्यावर बदलता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संकटात तातडीने निर्णय घ्यावा लागतो आणि चर्चा करणारे सभागृह तो घेऊ शकत नाही, असे म्हटले जाते. त्वरेची गरज खरीच आहे. परंतु गरज हा अधिकाराचा उगम नव्हे, हे १९५२ च्या पोलाद कारखान्यांच्या खटल्याने दाखवून दिले. कोरियात युद्ध चालू असताना संपाचा धोका उभा राहिला, तेव्हा हॅरी ट्रुमन यांनी ८ एप्रिल रोजी कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा आदेश काढला. २ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो अवैध ठरविला, आणि ट्रुमन यांनी कारखाने परत केले. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी आपल्या सहमतिपत्रात राष्ट्राध्यक्षाच्या सामर्थ्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: काँग्रेसच्या संमतीने वागताना ते सर्वाधिक असते, काँग्रेस मौन असताना संदिग्ध असते, आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागताना सर्वांत क्षीण असते. विशेष म्हणजे हेच जॅक्सन पूर्वी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे महान्यायवादी होते आणि कार्यकारी सत्तेची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली होती.

ही तीन पायऱ्यांची मांडणी स्वीकारली, की आजच्या बलाढ्य राष्ट्राध्यक्षपदाचे मूळ दिसू लागते: त्या बळाचा मोठा भाग काँग्रेसनेच कायद्यांद्वारे दिलेला आहे. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष आणीबाणी घोषित करू शकतो, आणि त्यासरशी इतर अनेक कायद्यांतील विशेष अधिकार त्याला उपलब्ध होतात. ती आणीबाणी दोन्ही सभागृहांच्या ठरावाने संपविण्याची मूळ तरतूद होती. परंतु काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाच्या स्वाक्षरीविना अशी कृती रद्द करणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली चढ्ढा खटल्यात दिल्यावर तो ठरावही त्याच्या नकाराधिकाराच्या कक्षेत आला. परिणाम २०१९ मध्ये दिसला. सीमेवरील भिंतीसाठी डोनाल्ड ट्रम्प यांनी घोषित केलेली आणीबाणी संपविण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी संमत केला, ट्रम्प यांनी तो नाकारला, आणि नकार ओलांडण्यासाठी लागणारे दोन तृतीयांश बहुमत जमले नाही. साध्या बहुमताने दिलेली सत्ता परत घ्यायला दोन तृतीयांश मते लागावीत, ही लोकशाहीची उघड विटंबना आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दाखवून दिले होते, की संसदीय पद्धतीत कार्यकारिणीच्या उत्तरदायित्वाची तपासणी रोजच्या रोज होते, तर अमेरिकी पद्धतीत ती ठराविक काळानेच होते. जिथे रोजची तपासणी नाही तिथे कायद्याची मुदत हीच तपासणी ठरते. म्हणून राष्ट्राध्यक्षाला संकटात तात्काळ पाऊल उचलण्याची मुभा असावी, मात्र काँग्रेसने स्पष्ट मंजुरी दिल्याविना ती आणीबाणी काही आठवड्यांतच आपोआप संपावी, असा नियम हवा. चढ्ढा निर्णय त्याच्या आड येत नाही, कारण इथे काँग्रेस राष्ट्राध्यक्षाची कृती रद्द करीत नाही, कायद्यातील मुदतच ती संपविते. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कायदा पुरेसा आहे. तो नाकारला गेला तरी काँग्रेस हतबल नाही: ७ नोव्हेंबर १९७३ रोजी रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून तिने युद्धाधिकारांचा ठराव कायद्यात आणला होता.