जहाजाची सफर: पैसे भरण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे याची चर्चा आता घरोघरी सुरू झाली असेल. महाबळेश्वर झाले, माथेरान झाले. यंदा मुलांच्या तोंडी क्रूझ आहे. मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजांच्या जाहिराती मोबाईलवर सारख्या दिसतात आणि त्यातला आकडा पाहून 'एवढ्यात तर हॉटेलही होत नाही' असे वाटते. तो आकडा जरा बाजूला ठेवू या.

आपल्या लोकांना जहाज नवे नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष खलाशी, सारंग, भंडारी म्हणून बोटीवर राहिले. हाजी लोकही १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजाने जिद्द्याला जात. आमचे अब्बा बोटीवरच होते. अम्मीने आयुष्यभर त्यांना निरोप दिला, त्यांची वाट पाहिली, पण जहाज आतून कधी पाहिले नव्हते. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन आम्ही मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची सफर केली. हौस अम्मीची होती, घाई आमची.

एजंटने 'इनसाइड' केबिन सुचवली. सर्वांत स्वस्त. 'खोलीत फक्त झोपायलाच तर जायचे,' असे तो म्हणाला आणि आम्हाला पटले. इनसाइड म्हणजे जहाजाच्या पोटातली खोली, तिला खिडकी नसते. दिवा मालवला की मिट्ट काळोख. फज्र झाली की नाही हे घड्याळ सांगेल तेवढेच. पहिल्या रात्री दीड वाजता अम्मी उठून बसली, तिचा जीव घुसमटत होता. खोली बदलून मागितली, तर जहाज भरलेले. दोन्ही रात्री तिने वर डेकवर खुर्चीत शाल पांघरून काढल्या. दुसऱ्या रात्री तिने विचारले, "तुमचे अब्बा असल्याच खोलीत झोपायचे का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट खोलीची. इनसाइड, खिडकीची आणि बाल्कनीची असे साधारण तीन भाव असतात. तरुण जोडप्याला इनसाइड चालेल. घरात दमेकरी, वयस्कर किंवा कोंडलेल्या जागेला घाबरणारे कोणी असेल, तर एक सफर कमी करा पण खिडकी घ्या. चौघांच्या खोलीत वरचे दोन पलंग बहुधा भिंतीतून खाली ओढायचे असतात, शिडी चढून जायचे. आजीला तिथे पाठवता येणार नाही. जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा, म्हणजे डेक प्लॅन, कंपनी देते. तो मागून घ्या. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली बरी. नाळेकडे आणि टोकांना हेलकावे जास्त. खोलीच्या डोक्यावर नाचाचा हॉल नाही ना, हेही त्याच नकाशात दिसते. आम्ही पाहिले नव्हते.

आता तो आकडा. जाहिरातीतले भाडे माणशी असते आणि एका खोलीत दोघे आहेत असे धरून असते. एकटी व्यक्ती गेली तर तिला कधी कधी जवळजवळ दुप्पट भरावे लागते. भाड्यावर बंदराचे शुल्क येते, कर येतो, नोकरवर्गाची बक्षिसी येते. जेवण भाड्यात असले तरी काही हॉटेले वेगळे पैसे घेतात. इंटरनेट वेगळे, गोव्यात उतरून फिरायचे ते वेगळे. समजा माणशी २०,००० लिहिले आहेत. चौघांचे ८०,००० म्हणून निघू नका. 'दाराबाहेर पडल्यापासून घरी येईपर्यंत एकूण किती?' हा प्रश्न एजंटला विचारा आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. दारूचे पॅकेज सवलतीच्या नावाखाली बिलात बसलेले नाही ना, तेही पाहा. बसलेले असेल तर ते काढून भाव मागा. राहिला हप्त्यांचा प्रश्न. 'शून्य टक्के' म्हणतात, पण प्रोसेसिंग फी वेगळी लावतात. कर्ज काढून करण्यासारखी ही गोष्ट नाही, सहा महिने थांबावे.

जेवणाचे विचारायला संकोच करू नये. 'हलाल मिळेल का?' एवढेच विचारले तर सगळे 'हो' म्हणतात. कोणते मांस हलाल आहे, प्रमाणपत्र आहे का, हे ईमेलने विचारा. बुफेत एकच चिमटा सगळ्या भांड्यांत फिरतो, काही सॉसमध्ये वाइन असते, पुडिंगमध्ये जिलेटिन असते. समाधान झाले नाही तर शाकाहार आणि मासे आहेतच. आपल्याकडच्या जहाजांवर शाकाहारी स्वयंपाक चांगला असतो. कॅसिनो आणि बार जहाजावर असणारच. मुलांना ते दिसणार, हे धरूनच जावे.

नमाजेची अडचण वाटते तेवढी नाही. या समुद्रातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. मात्र जहाज पोलादाचे, त्यामुळे खोलीत मोबाईलचे होकायंत्र फसवते. मावळतीचा सूर्य पाहावा, किंवा जहाजाची दिशा दाखवणारा नकाशा टीव्हीवर असेल तर तो पाहावा. कस्र आणि जमा यांबाबत हनफी आणि शाफई मसलकांत फरक आहे. कोकणातले आपण बरेचसे शाफई, देशावरचे बहुतेक हनफी. आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. हेलकाव्यात उभे राहणे जमत नसेल तर बसून पढण्याची सवलत आहे. अम्मी डेकवर खुर्चीत बसूनच पढली. रमजानमध्ये मात्र सफर ठेवू नये, खर्च जेवणाचा आणि जेवण रात्री बंद.

कागदपत्रांत नावाचे स्पेलिंग तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकच हवे. मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते 'मोह.' यांत आपली किती कामे अडतात हे सांगायला नको. लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो. कंपनी बहुधा काढून देते, पण कागद वेळेत मागते. तिथे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होडीतून उतरवतात. समुद्र खवळला तर उतरणे रद्दही होते. फक्त बेट पाहायला म्हणून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. उतरल्यावर पोशाखाचे भान ठेवावे, वस्ती बहुतांश मुसलमानांचीच आहे. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत सिंगापूरला येणारी सफर असेल, तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी.

घरात सून गरोदर असेल तर आधीच विचारा. बहुतेक मोठ्या कंपन्या चोविसावा आठवडा लागलेल्या किंवा प्रवासात लागणार असलेल्या बाईला घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही बहुधा घेत नाहीत.

रद्द करण्याचे नियम बुकिंगच्याच दिवशी वाचावेत. तारीख जवळ येते तशी कापली जाणारी रक्कम वाढते आणि शेवटच्या दिवसांत काहीच परत मिळत नाही. घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर तारीख धरूच नये.

निघण्याच्या दिवशी जहाज कोणासाठी थांबत नाही. नाशिक, सोलापूरकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबईत यावे. मोठी बॅग बंदरावर घेतात आणि ती खोलीत यायला काही तास लागतात. औषधे, चष्मा, मुसल्ला हातातल्या पिशवीत असू द्या. इस्त्री आणि किटली चालत नाही, काढून घेतात. समुद्रात गेल्यावर मोबाईल विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचे बिल घरी येते. शेवटच्या रात्री खोलीचा हिशेब मागून ओळ-ओळ तपासा. आमच्या बिलात कोणीच न प्यालेल्या दोन कॉफ्या होत्या. सांगितल्यावर लगेच काढल्या.

अम्मी यंदा पुन्हा म्हणते आहे, या वेळी लक्षद्वीप. खिडकीच्या खोलीचा भाव लेखी मागवला आहे. डेक प्लॅनवर जहाजाच्या मध्यावरची, लिफ्टजवळची एक खोली तिने स्वतः पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.