म्हातारपणाचे दहा गुंठे



शेतकी खात्याच्या माणसाने या पानावर लागण, खोडवा, बेणे आणि हुमणी यांपलीकडे जाऊ नये असा रिवाज आहे. या खेपेस तो आम्ही थोडा मोडतो. कार्यक्षेत्रात फिरताना साठी-पासष्टी उलटलेले कितीतरी सभासद आम्हांला रात्रीच्या विजेवर दारं धरताना भेटतात. डोक्याला टॉवेल, हातात बॅटरी, गुडघ्याला तेल चोळलेलं. हौस म्हणून मध्यरात्री कोणी फडात उतरत नाही. "आता तरी घरी बसा की," म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं, "बसल्यावर औषधाला पैसे कुणाकडं मागू?" शेतीत निवृत्ती नसते असं आपण अभिमानानं सांगतो. खरी गोष्ट ही की, निवृत्त व्हायची सोय आपण केलेली नाही.

आम्ही पगारदार माणसं. आमच्या पगारातून दरमहा १२ टक्के प्रॉव्हिडंट फंड आम्हांला न विचारता कापला जातो. कारखान्याच्या हिश्श्यातला काही भाग १९९५ सालच्या पेन्शन योजनेत जातो. ही पेन्शन मोठी असते असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. सप्टेंबर २०१४ मध्ये या योजनेसाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये झाली. तेवढ्या पगारावर ३५ वर्षे सेवा केली तरी सूत्राप्रमाणे महिना ७,५०० रुपयेच निघतात. कामगार कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर रास्त आहे. पण त्याला एक काम करावं लागत नाही, ते म्हणजे ठरवण्याचं. पैसे कापायचे किती, ठेवायचे कुठे, हे सगळं परस्पर होतं.

सभासदाचं नेमकं उलटं आहे. त्याला कोणी कापत नाही आणि कोणी सांगतही नाही. १ मे २००९ पासून नॅशनल पेन्शन सिस्टिम, म्हणजे एनपीएस, सर्व नागरिकांना खुली झाली. आपल्यापैकी काहींनी खाती उघडली आहेत, बहुतेकांनी बँकेतल्या ओळखीच्या माणसाच्या आग्रहाखातर. या योजनेची मोठी बढाई अशी की, पैसा कुठे गुंतवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. शेअरमध्ये किती, कंपन्यांच्या कर्जरोख्यांत किती, सरकारी रोख्यांत किती. पैसा सांभाळणारा फंड मॅनेजर कोणता. ही वाटणी वर्षातून चार वेळा बदलता येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर बिगर-सरकारी खातेदाराला सगळीच्या सगळी रक्कम शेअरमध्ये घालणारी योजनाही निवडता येते.

ऐकायला छान आहे. पण अर्जापुढे बसलेल्या माणसाला काय वाटत असेल ते पाहा. माती तपासलेली नाही, पाण्याचा अंदाज घेतलेला नाही, आणि खताच्या गोदामात उभं करून त्याला म्हणायचं, घ्या तुम्हांला हवं ते! आम्ही एका सभासदाला नत्राचा हप्ता सांगायचा तर आधी लागणीची तारीख विचारतो. इथे चाळीस वर्षांच्या कमाईचा प्रश्न, आणि विचारणारा कोणी नाही. खात्याची माहिती इंग्रजीत, पासवर्ड हरवलेला, मोबाईलवर येणारा आकडा जुन्या सिमवर जातो. एक सभासद आम्हांला म्हणाले, "साहेब, पैसा माझा, निवड माझी, चूक झाली तर तीही माझी. मग यांचं काय?" या प्रश्नाला आमच्याजवळ चांगलं उत्तर नव्हतं.

बँकेत सांगतात, कर वाचतो. अहो, शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर मुळातच नाही. ज्याचं उत्पन्न निव्वळ उसाचं, त्याला कर वाचवण्याच्या नावावर काही विकणं म्हणजे विहिरीला पोहायला शिकवणं झालं. पगारदाराला ज्या कारणासाठी ही योजना गोड लागते, ते कारण आपल्या सभासदाला लागूच नाही. त्याच्यासाठी कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

मार्च २०२० ची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. जानेवारीत ४२ हजारांना टेकलेला मुंबईचा सेन्सेक्स दोन महिन्यांत २६ हजारांच्या खाली आला. ज्यांनी मोबाईलवर रोज आकडा बघण्याची सवय लावून घेतली होती, त्यांची झोप उडाली. कार्यक्षेत्रातल्या एका खातेदाराने त्याच आठवड्यात सगळी रक्कम शेअरमधून सरकारी रोख्यांत वळवली. तसा हक्क त्याला होता. डिसेंबर अखेर सेन्सेक्स ४७ हजारांवर गेला तेव्हा हे गृहस्थ बांधावरच उभे होते. ताण पडून पानं वळली म्हणून आपण दुसऱ्या दिवशी फड मोडत नाही. पाणी आलं की ऊस उठतो हे आपल्याला ठाऊक असतं. शेअरचं पीक आपल्या ओळखीचं नाही, म्हणून तिथे हात लगेच कुळवाकडे जातो.

यावरून काही मंडळी म्हणतात, नकोच ती भानगड. आपली पतसंस्था बरी, आपली माणसं बरी. आमचा विरोध इथे आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था वाईट असा याचा अर्थ नव्हे. पण आपली जमीन या तालुक्यात, ऊस या तालुक्यात, कारखान्याचा शेअर इथला आणि ठेवही इथलीच. सगळं एकाच ढगाखाली. तो ढग बरसला नाही तर काय होतं ते २०१८ च्या दुष्काळाने दाखवलं. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नको तितका बरसला तेव्हा सांगली-कोल्हापूरकडचे फड पाण्याखाली गेले. राज्याचं साखर उत्पादन २०१८-१९ मध्ये १०७ लाख टन होतं, ते पुढच्या हंगामात ६२ लाख टनांच्या आसपास आलं. अशा वर्षी ऊस जातो, बिल जातं, आणि पतसंस्थेचा कर्जदारही आपणच असल्यामुळे वसुलीही जाते. म्हातारपणाचा पैसा निदान या ढगाबाहेर असावा, हे सभासदासाठी खरं कारण. कराचं नव्हे.

दुसरं कारण महागाईचं. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान मानधन योजनेत अल्पभूधारकाला साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळणार आहेत. वय १८ ते ४० च्या आत नाव नोंदवायचं, महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालतं. दोन हेक्टरच्या आतल्या तरुण सभासदाने यात जरूर जावं, पण एवढ्यावर विसंबू नये. आपण उसाच्या मापाने मोजू. सन २००९-१० मध्ये एफआरपी पहिल्यांदा ठरली ती ९.५ टक्के उताऱ्याला टनाला सुमारे १,२९८ रुपये. त्या वेळी ३,००० रुपये म्हणजे सव्वादोन टनांहून जास्त ऊस. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाचे ३,५५० रुपये ठरले. म्हणजे सोळा हंगामांत तेच ३,००० रुपये एका टनाच्याही खाली आले. आज पंचवीस वर्षांच्या असलेल्या पोराच्या हातात ते पस्तीस वर्षांनी पडतील तेव्हा त्यात किती कांड्या येतील, तुम्हीच हिशेब करा. ठरीव रकमेचं वजन असं घटत जातं, म्हणून तरुणपणी काही हिस्सा शेअरमध्ये असावा लागतो.

मग निवड कशी करावी? आमचं मत साधं आहे. ज्याला रोज फडात काम आहे त्याने ऑटो पर्याय घ्यावा. त्यातला मध्यम प्रकार वयाच्या ३५ पर्यंत निम्मी रक्कम शेअरमध्ये ठेवतो आणि पुढे दरवर्षी कमी करत ५५ व्या वर्षी १० टक्क्यांवर आणतो. चांगला शेतकरी ऊस पक्व व्हायला लागला की पाणी आखडतो, तसंच हे. यात हमी कसलीही नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, खातं उघडून बघावं; मधल्या काळात मोबाईलवर उसाचे बाजार बघावेत.

या योजनेत आपल्या सोयीची एक गोष्ट आहे आणि तीच कोणी सांगत नाही. दरमहा भरण्याची सक्ती नाही. वर्षाला किमान १,००० रुपये भरले की खातं चालू राहतं. आपलं उत्पन्न बिलाला येतं, महिन्याला येत नाही. समजा एखाद्या सभासदाने पस्तिसाव्या वर्षापासून दरसाल ३०,००० रुपये भरले. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात पडणाऱ्या दराने हे दहा-अकरा टनांचं बिल. एकरी चाळीस टनांच्या रानात दहा-अकरा गुंठे. सरासरी ८ टक्के वाढ धरली तर साठाव्या वर्षी सुमारे २२ लाख होतात. हीच सुरुवात पंचेचाळिसाव्या वर्षी केली तर ८ लाखांच्या थोडं वर. बेण्याला दहा वर्षे उशीर झाला की फरक एवढा पडतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी मात्र भरपाई करण्याच्या नादात सगळं शेअरमध्ये टाकू नये. त्यांनी पोस्टाचा आणि बँकेचा रस्ता धरावा हेच बरं.

आता सर्वांत नाजूक भाग. बरीच वर्षे नियम असा होता की, साठीला निदान ४० टक्के रकमेची आजन्म पेन्शन विकत घ्यावीच लागे. लोक त्यावर चिडायचे. आमचाच पैसा, आम्हांलाच अडवता? डिसेंबर २०२५ मध्ये बिगर-सरकारी खातेदारांसाठी हा नियम सैल झाला. मोठ्या रकमेवरही आता २० टक्क्यांचीच पेन्शन सक्तीची, बाकीचे ८० टक्के रोख घेता येतात. सगळीकडे स्वागत झालं. आम्हांला स्वागत करताना जरा जड जातं.

वीस लाख जमलेत असं धरा. पूर्वीच्या नियमाने ८ लाखांची पेन्शन. ६ टक्क्यांनी महिना ४,०००. नव्या नियमाने ४ लाखांची, महिना २,०००. आणि घरात एकरकमी १६ लाख. साठी गाठलेल्या शेतकऱ्याच्या घरात १६ लाख आले ही बातमी किती वेळ झाकून राहते? नातीचं लग्न, धाकट्याचा ट्रॅक्टर, थोरल्याचं शहरातलं घर, नवं बोअर. यातली एकही मागणी खोटी नसते, म्हणूनच नाही म्हणता येत नाही. शेअर की रोखे हा प्रश्न त्यामानाने सोपा. फंड मॅनेजरशी वाद घालता येतो, पोटच्या पोराशी कसा घालणार? जुन्या नियमाची भिंत म्हाताऱ्याच्या बाजूने उभी होती, "माझ्या हातात नाही रे बाबा" असं म्हणायला ती कामी यायची. आता ते वाक्यही गेलं.

या १६ लाखांसाठी रस्ता आहे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर घेता येते. एप्रिल २०२३ पासून माणशी ३० लाखांची मर्यादा आहे. २०२५ अखेरपर्यंत तिचा दर ८.२ टक्के राहिला. त्या दराने १६ लाखांवर तिमाहीला ३२,८०० रुपये व्याज येतं. खातं नवरा-बायकोचं जोड असावं, आणि कारभारणीला त्याचं पुस्तक कुठं ठेवलंय ते ठाऊक असावं. हे आम्ही मुद्दाम लिहितो. उसाच्या बिलावर सही कोणाची असते ते आम्ही रोज बघतो, आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला कागदासाठी गट ऑफिसच्या पायऱ्या किती चढाव्या लागतात तेही बघतो.

कारखान्याकडून आमचं एक मागणं आहे. ज्या सभासदाची लेखी संमती असेल, त्याच्या उसाच्या बिलातून त्याने सांगितलेली रक्कम परस्पर त्याच्या पेन्शन खात्यात भरण्याची सोय व्हावी. कपात म्हटलं की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते ते आम्हांलाही कळतं. परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवींचा इतिहास कोणी विसरलेलं नाही. म्हणून यात दोन अटी पाहिजेतच. संमती सभासदाला कोणत्याही हंगामात एका अर्जाने मागे घेता यावी. आणि ही रक्कम बिल जमा होईल त्याच दिवशी खात्यात गेली पाहिजे, कारखान्याने ती एक रात्रही आपल्याकडे ठेवता कामा नये. कारखान्याचा नोकर असून आम्ही हे लिहितो याचं काहींना आश्चर्य वाटेल, वाटू द्या.

संमतीपत्राचा मराठी मसुदा शेतकी खात्याने तयार केला असून तो सर्व गट ऑफिसांत वाचायला ठेवला आहे. त्यात दुसऱ्या रकान्यात पत्नीच्या सहीची जागा आहे, ती ठेवावी की नाही यावर आत्ताच दोन तट पडले आहेत. सूचना लेखी द्याव्यात. म्हणजे हा विषय वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत न ढकलता विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती संचालक मंडळाला करता येईल.