हिंगण्याची झोपडी आणि पुणेकरांचे कर्तव्य

पुणे हे सार्वजनिक संस्थांचे माहेरघर आहे, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि ते खोटेही नाही. तथापि, माहेराला केवळ अभिमान असून भागत नाही. लेकीची विचारपूस करण्याचे दायित्व माहेरावरच येते. या शहराने ज्या संस्थांना जन्म दिला, त्यांपैकी किती संस्थांची आपण आज खरोखर विचारपूस करतो, हा प्रश्न आम्हांस पुणेकरांपुढे ठेवावयाचा आहे; आणि त्यासाठी ज्या संस्थेचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत, ती १४ जून १८९६ रोजी स्थापन झालेली ‘अनाथ बालिकाश्रम मंडळी’ होय. पुढे ती ‘हिंगणे स्त्री शिक्षण संस्था’ या नावाने महाराष्ट्रास परिचित झाली आणि आज ती ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ म्हणून ओळखली जाते. कर्वेनगरच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून नित्य जाणाऱ्या-येणाऱ्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांस हे ठाऊकही नसेल की, या वस्तीचे मूळ नाव हिंगणे बुद्रुक असून शहराने ज्यांना दूर लोटले होते, अशा मूठभर स्त्रियांच्या आश्रयासाठी येथील माळावर एक झोपडी उभी राहिली होती.

हा इतिहास नीट समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये झाला. परंतु कायदा झाला म्हणून समाजाचे मन पालटते असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते ज्या प्रसंगांमुळे काढावे लागले ते प्रसंग कायद्यानंतरचेच होते. त्यानंतर पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. विधवांना आसरा आणि विद्या ही दोन्ही एके ठिकाणी मिळण्याची ती मोठीच सोय होती. परंतु धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात वादळ उठले, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. त्या वादात न्याय कोणाच्या बाजूस किती होता, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत मुद्दा एवढाच की, वाद घालणारे आपापल्या ठिकाणी सुखरूप राहिले आणि ज्यांच्याकरिता ते सदन होते, त्या मुलींपैकी पुष्कळ जणी पुन्हा घराच्या काळोख्या कोपऱ्यात जाऊन बसल्या.

त्याच शारदा सदनात गोदूबाई नावाची एक विधवा शिकत होती. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी तिच्याशी विवाह केला. या विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सारा महाराष्ट्र त्यांना ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखू लागला. या विवाहाबद्दल कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तितकी प्रसिद्ध नसलेली, परंतु आमच्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वतः पुनर्विवाह करूनही पुनर्विवाहाचा प्रचार हे आपले एकमेव कार्य कर्व्यांनी मानले नाही. पुनर्विवाह करण्याचे धैर्य व संधी फार थोड्या स्त्रियांना लाभणार. बाकीच्या असंख्य जणींनी काय करावे, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी निघावयाची संस्था केवळ शिक्षणाची ठेवली. विधवांनी तेथे यावे, शिकावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे. विवाह करावा की न करावा याबाबत संस्थेचे काही म्हणणे नाही, असे तिचे धोरण ठरले. डॉ. भांडारकर अध्यक्ष झाले आणि कर्व्यांनी आपल्या संचयातून एक हजार रुपये घालून आरंभ केला. सनातन्यांना हा मनुष्य बाटलेला वाटे, तर कित्येक सुधारकांना तो कच्चा वाटे. दोन्ही बाजूंचे शब्द ऐकून घेत त्याने काम तेवढे पुढे नेले.

शहरात प्लेगचा कहर चालू असल्यामुळे १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हलवावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले आणि त्या जागी एक झोपडी उभी राहिली. महाविद्यालयातील काम आटोपले की कर्वे पायी हिंगण्यास जात आणि सकाळी पुन्हा शहरात येत. वाट कच्ची, पावसाळ्यात चिखलाची. हातात किंवा पाठीवर आश्रमासाठी घेतलेले सामान. हे एक-दोन दिवस नव्हे, तर वर्षानुवर्षे चालले. आज त्या अंतराचे कोणासही काही वाटणार नाही; परंतु समाजसेवेचे माप जर कोणास घ्यावयाचेच असेल तर ते भाषणांच्या संख्येवरून न घेता अशा पायपिटीवरून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

कर्व्यांचे नाव सर्वतोमुखी आहे; परंतु ती झोपडी चालविली ती स्त्रियांनी, हे आपण सहसा विसरतो. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या आणि जुन्या वळणाच्या होत्या. बहिणीचा पुनर्विवाह त्यांना प्रथम रुचला नव्हता. त्याच पार्वतीबाई पुढे आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. रूढीप्रमाणे केशवपन केलेल्या वेषात त्या गावोगाव हिंडल्या, अनोळखी घरांच्या पायऱ्या चढल्या, सभांतून बोलल्या आणि आश्रमासाठी पैसा उभा केला. केशवपनाची रूढी त्यांनी स्वतः सोडली ती १९१२ मध्ये, आणि तीही पूर्ण विचारांती. १९१८ मध्ये, इंग्रजी जेमतेम येत असताना, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या आणि १९२० मध्ये परतून पुन्हा कामास लागल्या. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांसारख्या आश्रमातच शिकलेल्या स्त्रियांनी पुढे आश्रमाचीच धुरा वाहिली. ज्यांना मदत द्यावयाची त्यांनीच उद्या मदत देणारे व्हावे, ही कोणत्याही धर्मादाय कार्याची खरी कसोटी होय, आणि त्या कसोटीस हिंगणे पूर्णपणे उतरले.

पुढील वाढ सर्वश्रुत आहे. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९०८ मध्ये आजन्म सेवेचे व्रत घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्ममठ स्थापन झाला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. त्या विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि तेच आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून विख्यात आहे. कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न हा किताब मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाची शंभरी उलटल्यावर, त्यांचे देहावसान झाले. संस्थेने काळाची पावले ओळखून १९९१ मध्ये स्त्रियांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयही काढले. झोपडीपासून अभियांत्रिकीपर्यंतचा हा प्रवास कोणासही अभिमान वाटावा असाच आहे.

तथापि, केवळ स्तुतिपाठ करणे हे वृत्तपत्राचे काम नव्हे. आश्रमाच्या आरंभकाळात त्याचा लाभ मुख्यतः ब्राह्मण विधवांनाच झाला, ही त्या कार्याची मर्यादा होती आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. याच काळात, १९०६ मध्ये, विठ्ठल रामजी शिंदे यांना अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी स्वतंत्र मिशन काढावे लागले, यावरून त्या वेळच्या सुधारणेचे कुंपण कोठवर होते हे दिसून येते. कर्व्यांची थोरवी अशी की, ते त्या कुंपणाशी थांबले नाहीत. १९३६ मध्ये, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढून पुन्हा फंड गोळा करण्यास आरंभ केला आणि १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. ज्या वयात माणसे केलेल्या कामाचे गोडवे ऐकत बसतात, त्या वयात राहिलेल्या कामाची टोचणी त्यांना लागली होती.

आता कोणी म्हणेल की, तो काळ गेला. केशवपन गेले, बालविवाहही बेकायदा ठरले, मुली शिकू लागल्या. मग अनाथ बालिकाश्रमाच्या कथेचे आज प्रयोजन काय? या प्रश्नास उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने दिले आहे. पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला आणि इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा, असे परिपत्रक त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनास काढावे लागले. ज्या प्रथा अस्तित्वातच नाहीत त्या बंद करण्याचे ठराव कोणी करीत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील विधवांची संख्या सव्वाचार कोटींच्या वर होती. त्यांपैकी प्रत्येकीस आश्रमाची गरज आहे असे नव्हे. परंतु पतीमागे घर सुटलेली, हाती कला नसलेली आणि पदरी मूल असलेली स्त्री आजही खेड्यातून शहराची वाट धरते. तिला भाषणे नकोत. तिला महिना-दोन महिने निर्धास्त राहण्यास जागा, मुलासाठी शाळा आणि स्वतःसाठी काम शिकण्याची सोय हवी असते. १९०० साली हिंगण्याच्या झोपडीने जे दिले, नेमके तेच.

येथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. हिंगण्याच्या संस्थेस मोठे दाते मिळाले हे खरे; परंतु तिचा संसार चालला तो लहान रकमांवर. संस्थेचा भाऊबीज निधी आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्त्यांनी घरोघर जावे आणि घरातील माणसांनी न पाहिलेल्या बहिणीसाठी ओवाळणी म्हणून यथाशक्ती काही द्यावे, अशी ही योजना. यात रक्कम लहान असते, पण देणाऱ्याचे संस्थेशी नाते जडते. तो पुढच्या वर्षी विचारतो, ‘काय, कसे चालले आहे?’ आणि संस्थेस त्याला उत्तर द्यावे लागते. हिशेब चोख ठेवण्याची सवय अशाच विचारण्यातून लागते.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी काढून ठेवण्यास सांगितले आहे. ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु कंपन्यांचा ओढा स्वाभाविकपणे ज्या कामाचा परिणाम ठरल्या मुदतीत आकड्यांनी दाखविता येईल अशा कामाकडे असतो. इमारत दाखविता येते, संगणक दाखविता येतात. वसतिगृहातील रोजची पोळी-भाजी, अधीक्षिकेचा पगार, रात्री-अपरात्री दारात आलेल्या बाईसाठी राखून ठेवलेली एक खोली, यांची चित्रे अहवालात उठून दिसत नाहीत. या खर्चासाठी कोणतीही अट न घालता, दरवर्षी न चुकता येणारा पैसा लागतो आणि तो सामान्य नागरिकाच्या खिशातूनच यावयाचा असतो. मोठ्या देणग्या आल्या म्हणून आपले देणे संपले, असे जर मध्यमवर्गाने मानले, तर तो आपल्याच आजोबा-पणजोबांच्या परंपरेशी द्रोह होईल.

म्हणून आमचे पुणेकरांना सांगणे अगदी साधे आहे. प्रत्येक घराने शहरातील एक तरी जुनी सेवासंस्था आपली मानावी. तिला वर्षातून एकदा, मग रक्कम कितीही लहान असो, परंतु नेमाने द्यावी. आणि दिल्यावर तिचा अहवाल मागून वाचावा. ज्यांना पैसा देणे शक्य नाही, त्यांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. संस्थांच्या चालकांनाही आमची विनंती आहे की, त्यांनी आपला जमाखर्च केवळ धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दाखल करून समाधान मानू नये. तो चार माणसांना समजेल अशा मराठीत छापून लोकांपुढे ठेवावा. नव्या इमारतींच्या नामफलकांबरोबर यंदा किती निराधार स्त्रियांना विनामूल्य जागा मिळाली, हा आकडाही ठळकपणे लावावा. तो आकडा लहान असला तर लपवू नये. तो पाहूनच मदत करण्यास लोक पुढे येतील.

हिंगण्याची झोपडी ज्यांनी बांधली त्यांच्यापाशी पैसा नव्हता, राजसत्ता नव्हती आणि लोकमतही नव्हते. आपणापाशी यांतील पुष्कळ आहे. तरीही पतीच्या मागे निराधार झालेल्या एखाद्या बाईस या शहरात आज रात्री कोठे जावे हे जर सांगता येत नसेल, तर कर्व्यांचे नाव रस्त्यांना आणि वस्त्यांना देऊन आपण त्यांचे ऋण फेडले, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. ते ऋण फेडण्याचा आरंभ येत्या भाऊबिजेस, आपापल्या घरातून, प्रत्येकाने करावा.